ड्रॉपरखालची चिंदी

सुरतेत उधन्याकडे कापड विणायच्या कारखान्याला कुणी कारखाना म्हणत नाही, खातं म्हणतात. खात्यात शिरलं की बोलणं संपलं. लूमांचा आवाज एवढा, की कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी निम्मं हातवाऱ्यांवरून समजून घ्यावं लागतं. अशाच एका खात्यात राघोनं उभं आयुष्य काढलं. दोंडाईच्याकडून तापी लाइनच्या गाडीनं आला तेव्हा ओठावर मिसरूड नव्हतं, आणि आता नातवंडांची वाट बघायचं वय झालं तरी तो लूमवरच होता. मुलगा गोपाल त्याच खात्यात फिटर झाला. बाप लूम चालवायचा, मुलगा लूम दुरुस्त करायचा. "मी बिघाडस म्हनीसन तुनं पोट भरस," असं राघो त्याला चारचौघांत ऐकवायचा आणि वर स्वतःच हसायचा.

काही वर्षांपूर्वी शेठनं जुने लूम भंगारात घातले आणि नवे आणले. या नव्या लूमांना ड्रॉपर असतो. ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या, प्रत्येक तारेवर एक पातळशी पत्री लटकलेली असते. तार तुटली की पत्री खाली पडते, खालच्या पट्टीला टेकते आणि लूम जागच्या जागी थांबतो. कारीगरानं यायचं, तुटलेली तार शोधायची, गाठ मारायची आणि लूम पुन्हा सोडायचा. कल्पना झकास आहे, फक्त ज्याच्या डोक्यातून ती निघाली त्यानं उधन्यातलं खातं पाहिलेलं नसावं. इथं धाग्याचा भुगा उडतो, पत्रीत जाऊन बसतो, आणि तार शाबूत असताना लूम थांबतो. दिवसातून किती वेळा थांबावा त्याला काही सुमार नाही. मजुरी मीटरवर, आणि थांबलेला लूम मीटर काढत नाही. म्हणून कारीगरांनी आपला इलाज काढला. पत्री आणि पट्टी यांच्यामध्ये कापडाची एक चिंदी सारायची. मग पत्री पडली तरी चिंदीवर पडते आणि लूमला पत्ताही लागत नाही. कापडात एखादी रेघ जाते, शेठ दोन दिवस ओरडतो, आणि सगळं पुन्हा पहिल्यासारखं चालू होतं. फिटरनं खरं तर ती चिंदी काढायची असते. पण गोपाल खात्यात लागला त्या पहिल्याच आठवड्यात राघोनं त्याला ती कशी सारायची ते शिकवलं होतं, बाहेरून दिसणार नाही अशी.

राघोचं पोट बिघडलं त्याला वर्ष होऊन गेलं होतं. रक्त पडायचं ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. कुणीतरी मूळव्याध म्हणालं, कुणी इसबगोल सांगितलं, तेवढ्यावर भागवलं. मग एक दिवस तो लूमशेजारीच खाली बसला आणि उठेना. तपासण्या झाल्या. आतड्याचा कॅन्सर आहे असं डॉक्टरांनी सांगितलं. आपल्या हातच्या तिखटानंच हे झालं असं त्याच्या बायकोनं, प्रमिलाबाईनं, मनाशी धरलं, आणि वर्षाचा काळा मसाला डब्यासकट शेजारी देऊन टाकला. तिखटाचा याच्याशी संबंध नाही, हे गोपालनं तिला पुष्कळ समजावलं. पण त्या घरात पुन्हा फोडणीचा ठसका उठला नाही.

ऑपरेशन झालं. मोठ्या आतड्याचा खराब तुकडा काढून उरलेली दोन टोकं डॉक्टरांनी एकमेकांना जोडली. बाहेर येऊन ते म्हणाले की गाठ सगळी निघाली आहे, आता सगळं त्या जोडावर आहे. जोड सांधला तर काका पुन्हा हिंडू-फिरू लागतील. पण तो उसवला आणि आतली घाण पोटात पसरली, तर जिवावर बेतेल. पुढचे काही दिवस डोळ्यांत तेल घालून सांभाळायचे.

त्या इस्पितळात तेव्हा एक नवं यंत्र वापरून बघत होते. ते काम जयश्री सिस्टरकडे होतं. जयश्री मूळची नवापूरची पण सुरतेत वाढलेली, त्यामुळे तिच्या मराठीत मधूनच गुजराती डोकवायची. तिनं राघोच्या कमरेला एक रुंद पट्टा बांधला. पट्ट्यावर काड्यापेटीएवढी एक डबी होती.

"काका, जोडाच्या शेजारी आत तांदळाच्या दाण्याएवढं सेन्सर ठेवलंय," ती म्हणाली. "घाबरायचं नाही, थोड्या आठवड्यांत ते आपोआप विरघळून जातं. जोडातून थेंबभर जरी गळलं तरी त्याला कळतं. ही डबी बाहेरून त्याचं ऐकते. सगळं बराबर असेल तर हिरवा दिवा. काही बिघडलं तर लाल दिवा होतो आणि डबी वाजते. वाजली की बे मिनिटपण बसून राहायचं नाही. सीधं इथं यायचं."

"तुम्हाला फोनवर कळत नाही का?" गोपालनं विचारलं. यंत्र म्हटलं की त्याला राहवायचं नाही.

"ना, अजून तसं केलेलं नाही. आकडे डबीत साठतात, तपासणीला आलात की मी काढून घेते. तोपर्यंत ती फक्त तुम्हाला हाक मारते."

राघो इतका वेळ निमूट पडून होता. तो एकदम म्हणाला, "हाऊ त आपला ड्रॉपर शे."

जयश्रीला काही कळलं नाही. मग राघोनं तिला दोन्ही हातांनी दाखवलं, तार कशी तुटते, पत्री कशी पडते आणि लूम कसा थांबतो. दाखवता दाखवता त्याला हसू आलं. ऑपरेशननंतर तो पहिल्यांदा हसला, टाक्यांवर हात दाबून धरून हसला. प्रमिलाबाईच्या जिवात जीव आला. गोपाललाही बरं वाटलं. बापाला यंत्र समजलंय, आता काही भीती नाही, असं त्याला वाटलं.

राघोला घरी सोडलं त्याच संध्याकाळी डबी वाजली. गोपालनं धावत जाऊन रिक्षा आणली, प्रमिलाबाईनं अंगारा लावला, गोपालची बायको योगिता साड्यांना लेस लावत बसली होती ती हातातली साडी तशीच टाकून उठली. इस्पितळात जयश्रीनं शर्ट वर केला, पट्टा बघितला आणि म्हणाली, "काही नाही. पट्टा सरकला होता." पट्टा थोडा जरी सरकला तर डबीला आतलं ऐकू येत नाही आणि ती वाजते. दुसऱ्या दिवशी राघो कूस बदलायला गेला आणि पुन्हा तेच झालं. पुन्हा रिक्षा, पुन्हा उधन्याच्या पुलावरची गर्दी, पुन्हा "पट्टा सरकला होता."

"सिस्टर, पट्टा सरकला तरी तोच आवाज, जोड उसवला तरी तोच आवाज. आम्ही ओळखायचं कसं?" गोपालनं विचारलं.

जयश्री ओशाळली. "मी वर कळवलंय, गोपालभाई. पुढच्या डब्यांना दोन वेगळे आवाज देणार आहेत. पण तोपर्यंत तुम्ही आपलं दर वेळी यायचं. कंटाळायचं नाही."

कंटाळलं कुणीच नव्हतं. शेजारचा सुकदेव, तोही लूमवरचाच, म्हणाला, "राघोदादा, रिक्षावाल्याशी महिन्याचं ठरवून टाक आता." राघो हसला नाही. घास तोंडात घेतला की तो चावायचा थांबायचा आणि खाली डबीकडे बघायचा. कुणी भांडं आदळलं तरी दचकायचा. जागेपणी पट्टा जागेवर राहायचा आणि झोपेत सरकायचा, म्हणून त्यानं झोपायचंच सोडून दिलं. भिंतीला उशी लावून, दोन्ही हातांनी पोट धरून तो ताठ बसून राहायचा. डोळे आत गेले. प्रमिलाबाई मुगाचं पाणी चमच्यानं भरवायची आणि निम्मं वाडग्यात परत जायचं.

गोपालची रात्रपाळी होती. सकाळी घरी आला की बापाचं ते तोंड बघूनच त्याचं काळीज तुटायचं. अन्न नाही, झोप नाही, मग जोड सांधणार तरी कशानं? हाच विचार त्याच्या डोक्यात घर करून बसला. आणि तो चुकीचा होता असंही कुणी म्हणू नये. त्या बिचाऱ्याला जे दिसत होतं ते खरंच होतं.

एका सकाळी तो पाळी संपवून दारात आला तर डबी वाजत होती. योगितानं पट्टा सरळ केला तशी ती थांबली, हिरवा दिवा लागला. पण राघो रडत होता. तोंडावर टॉवेल धरून, आवाज न करता रडत होता. गोपालनं बापाला कधी रडताना पाहिलं नव्हतं, आजी गेली तेव्हाही नाही. आई मोरीत होती. योगिता चहा ठेवायला गेली. गोपाल बापाजवळ बसला आणि त्यानं शर्टाच्या खिशात हात घातला. फिटरच्या खिशात चिंद्या असतातच. त्यातली एक त्यानं काढली, करड्या पॉलिस्टरची, काठाला लाल धागा असलेली. तिची बारीक घडी घातली आणि डबीच्या ज्या भोकांतून आवाज येतो तिथं, झाकणाच्या आत, पान्याच्या टोकानं सारली. मग डबी पट्ट्यावर उलटी केली, दिवा आतल्या बाजूला. सगळं मिळून चहाला उकळी फुटेपर्यंतचं काम.

राघो बघत होता. टॉवेल खाली आला.

"चिंदी टाकी का रे?"

"हा, आबा."

"बाहेरथून दिसस का?"

"नही."

"मंग ऱ्हाऊ दे," राघो म्हणाला, आणि त्यानं गोपालच्या मनगटावर थोपटलं. खात्यात एखादं अवघड काम जमलं की तो असंच थोपटायचा.

गोपाल काही अगदीच बेफिकीर नव्हता. आवाज बंद केला तरी दिवा चालू आहे, तो आपण स्वतः बघत जाऊ, पाळीला जायच्या आधी एकदा आणि आल्यावर एकदा, असं त्यानं ठरवलं होतं. तपासणी दोन दिवसांवर होती, त्या दिवशी चिंदी काढून टाकायची. संध्याकाळी निघताना त्यानं डबी हळूच उलटून पाहिली. हिरवा दिवा होता.

आणि चिंदी सारली तो दिवस असा गेला, की त्या घरानं तो जन्मभर आठवावा. राघो आडवा झाला आणि दुपारपर्यंत झोपला. उठून त्यानं खिचडी मागितली. कढीशी वाडगाभर खिचडी खाल्ली आणि वर ठेचा मागितला. प्रमिलाबाई म्हणाली की ठेचा आता या जन्मी नाही. तो म्हणाला, मग पुढच्या जन्मी तूच वाटून दे. योगिताला हसू आवरेना. सुकदेव बघायला आला तेव्हा राघोनं त्याला खात्याच्या चार खबरी विचारल्या, आपल्या लूमवर कुणाला बसवलंय ते विचारलं, आणि तो कारीगर कसा कुचकामी आहे हे सविस्तर सांगितलं. गोपाल कोपऱ्यात बसून ऐकत होता. आपण बरोबर केलं, असं त्याला मनापासून वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो घरी आला तेव्हा राघो भिंतीकडे तोंड करून झोपला होता, गळ्यापर्यंत गोधडी घेऊन. प्रमिलाबाईनं ओठांवर बोट ठेवलं. "गाढ झोप लागेल शे. उठाडू नको." दिवा बघायचा तर त्याला उलटा करावा लागला असता, शर्ट वर करावा लागला असता. इतक्या दिवसांनी लागलेली झोप मोडावी लागली असती. उठल्यावर बघू, असं गोपाल मनाशी म्हणाला आणि स्वतःही आडवा झाला. रात्रभर उभं राहिलेल्या माणसाला झोप यायला काय लागतं?

दुपारी योगितानं त्याला गदागदा हलवलं. "आबांच्या अंगाला हात लावून बघा."

राघोचं अंग भाजत होतं. दात वाजत होते. गोपालनं गोधडी काढली, शर्ट वर केला. पोट दगडासारखं लागत होतं आणि नुसत्या स्पर्शानं राघो कळवळला. गोपालनं डबी उलटी केली. दिवा लाल होता. पट्टा मात्र जागच्या जागी होता, सूतभरही सरकलेला नव्हता.  किती वेळ लाल होता हे सांगणारं तिथं कुणी नव्हतं.

रिक्षात राघोला मध्ये घेतलं होतं. एका बाजूला प्रमिलाबाई त्याला धरून बसली होती, दुसऱ्या बाजूला गोपाल. राघोची मान गोपालच्या खांद्यावर पडली होती, श्वास भराभर चालला होता. पुलावर गाड्या अडल्या होत्या. तेवढ्यात राघोचा हात हलला. शर्टाखाली गेला, डबीशी चाचपडत राहिला. गोपालला वाटलं, दुखतंय म्हणून दाबतोय. पण राघो नखानं चिंदी उकरत होता. ती निघाली आणि डबी कर्कश वाजू लागली. रिक्षावाल्यानं मागे मान वळवली. "भाई, कोईनो फोन वागे छे."

राघोनं मूठ मिटली. गोपालच्या कानाशी तोंड नेऊन, खात्यात बोलायचा तसं, तो म्हणाला, "आतेच वाजनी. असं सांगजो."

"आबा..."

"आयकस का नही? असं सांगजो."

इस्पितळाच्या दारातच त्याला स्ट्रेचरवर घेतलं. डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि त्यांचा चेहरा बदलला. "कधी वाजली ही?" त्यांनी विचारलं. गोपालनं बापाकडे बघितलं. राघो त्याच्याकडेच बघत होता, तापानं तांबारलेल्या डोळ्यांनी, आणि त्या नजरेत विनवणी नव्हती, दटावणी होती. गोपाल म्हणाला, "आत्ताच, साहेब. रिक्षात बसल्यावर."

पोट पुन्हा उघडलं. जोड एका बाजूनं उसवला होता आणि विष सगळीकडे पसरलं होतं. डॉक्टरांनी हात राखला नाही, जे करता येईल ते सगळं केलं. राघो काचेपलीकडच्या खोलीत नळ्यांमध्ये पडून राहिला, पुन्हा शुद्धीवर आला नाही, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी गेला. तापीकाठी त्याला अग्नी दिला तेव्हा खात्यातले झाडून सगळे आले होते. शेठनं पाळीभर लूम बंद ठेवले. एवढा मान राघोला जिवंतपणी कधी मिळाला नव्हता.

डॉक्टरांनी नंतर गोपालला बोलावून एक गोष्ट सांगितली होती. डबीतले आकडे काढून पाहिले, तर आदल्या संध्याकाळपासूनच आत बिघाड दिसत होता. तेव्हाच आणलं असतं तर बहुतेक वाचले असते. "मग डबी वाजली का नाही, हेच कळत नाही," ते म्हणाले होते. ते स्वतःवरच चिडलेले दिसत होते. गोपाल मान खाली घालून ऐकत राहिला. बापानं सांगितलेलं खोटं त्याच्या तोंडात होतं आणि ते गिळताही येत नव्हतं, टाकताही येत नव्हतं.  आदल्या संध्याकाळी म्हणजे आपण हिरवा दिवा पाहून दाराबाहेर पडलो त्याच्या मागोमागच, हे त्याच्या मनातून जात नव्हतं. खात्यात एखादा लूम आपोआप थांबला की तो जागीच उभा राहायचा, आणि कारीगर त्याला हाका मारून थकायचे.

दिवस-कार्य आटोपल्यावर तो दाखला आणायला इस्पितळात गेला. प्रमिलाबाई म्हणाली, मीही येते. का, ते तिनं सांगितलं नाही.

जयश्रीच्या खोलीबाहेर बाकावर एक बाई बसली होती, भेस्तानची मंगलाबाई. तिच्या कमरेला तसाच पट्टा होता आणि जयश्री तो सोडवत होती.

"काढताय का?" गोपालनं विचारलं.

"साहेबांनी सगळ्यांच्या डब्या परत मागवल्यात," जयश्री म्हणाली. तिचा आवाज पडलेला होता. "काकांची वेळेवर वाजली नाही ना. भरवसा राहिला नाही."

"माझी तर बरी वाजते हो," मंगलाबाई म्हणाली. "दोनदा उगीच वाजली, पण वाजली. ही होती म्हणून मी झोपत तरी होते. आता रात्रभर पोटावर हात ठेवून जागी बसायची."

तिनं पट्टा दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. मूल घट्ट धरावं तसा धरला होता. गोपालला ते बघवेना.

जयश्री आत जाऊन दाखला आणि एक पाकीट घेऊन आली. पाकिटात राघोच्या बोटातली तांब्याची अंगठी होती, कमरेचा करदोटा होता. तिनं आणखी एक लहानशी पुडी काढली. "आणि हे. बेशुद्धीचं औषध देताना काका मूठ उघडेनात. मी म्हटलं, काय आहे? तर म्हणाले, देवाचं आहे, राहू द्या. मग मीच जपून ठेवलं. म्हटलं, घरच्यांच्याच हातात देऊ."

गोपालनं पुडी उघडली. घडी तशीच होती, आपण घातलेली. करडं कापड, काठाला लाल धागा.

त्याच्या डोळ्यांपुढे ऑपरेशनची खोली आली. मरणाच्या दारात पोटात आग पडलेली असताना माणूस मूठ मिटून खोटं बोलला होता, आणि ते देवाच्या नावानं बोलला होता. जन्मात कधी देवाची खोटी शपथ न घेतलेला माणूस. कुणासाठी बोलला, हे गोपालशिवाय कुणाला माहीत नव्हतं. ही पुडी खिशात घालून तो घरी गेला असता तर बापाच्या मनासारखं झालं असतं. बापानं मरताना एकच गोष्ट मागितली होती आणि ती एवढीच होती. बाकावर मंगलाबाई पट्टा सोडायला तयार नव्हती.

"सिस्टर, हे देवाचं नाही," गोपाल म्हणाला. "हे माझं आहे."

मग त्यानं सांगितलं. काही लपवलं नाही. चिंदी कुठं सारली, का सारली, दिवा उलटा कसा केला, सकाळी बघायचं राहून गेलं ते, आणि रिक्षात आबांनी ती कशी उकरून काढली ते. सांगताना तो जयश्रीच्या पायांकडे बघत होता. "डबी वाजत होती, सिस्टर. डबी चांगली आहे. मीच तिचं तोंड बांधलं होतं."

 जयश्रीचे डोळे भरले, आणि त्यात राग होता तसं दुःखही होतं. "एक फोन करायचा होता, गोपालभाई," ती म्हणाली. "काका झोपत नाहीत, एवढंच सांगायचं होतं. मी घरी येऊन पट्टा चिकटवून दिला असता."

 खात्यात लूम अडला तर कुणी कुणाला फोन करत नाही, जो तो आपल्या खिशात हात घालतो. पण हे तिला सांगून काय उपयोग होता?

जयश्रीनं वाकून मंगलाबाईचा पट्टा पुन्हा बांधला.  डबीवर हिरवा दिवा लागला. "साहेबांना हे तुम्ही स्वतः सांगा," ती म्हणाली.

गोपालनं साहेबांनाही सांगितलं. त्यांनी रागे भरावं अशी त्याची इच्छा होती, पण ते रागावले नाहीत. त्यांनी एक डबी त्याच्यापुढे ठेवली आणि चिंदी नेमकी कुठं सारली ते दाखवायला सांगितलं. गोपालनं दाखवलं. बापाच्या मुठीतून आलेली तीच चिंदी त्यानं पुन्हा एकदा त्या भोकात सारली आणि पुन्हा बाहेर काढली. हे करताना मात्र त्याला रडू आवरलं नाही.

प्रमिलाबाई हे सगळं होईपर्यंत बाकावर बसून होती. तिनं सगळं ऐकलं होतं.  परतताना रिक्षात गोपाल तिच्याकडे बघू शकत नव्हता. आता ही काय म्हणेल, आणि ती जे म्हणेल ते आपण कसं ऐकू, एवढंच त्याच्या मनात होतं. पुलावर नेहमीसारख्या गाड्या अडल्या आणि रिक्षा थांबली.

"माले दिसनी व्हती ती चिंदी," प्रमिलाबाई म्हणाली.

गोपालनं मान वर केली.

"त्या संध्याकाये तू पाळीवर गया, मंग मी त्यास्नं अंग पुसाले लागनी. डबी उलटी व्हती. सरळ करी त चिंदी दिसनी. त्यास्ले झोप लागेल व्हती. मी काढी नही, डबी पुन्हा उलटी करी दिनी."

"दिवा कसा व्हता, माय?"

ती समोर बघत राहिली. "ध्यान नही," ती म्हणाली.

ती खरं बोलत होती, की मुलाच्या डोक्यावरचं ओझं निम्मं आपल्याकडे ओढून घेत होती, हे गोपालला कळलं नाही. पुढंही कधी कळणार नव्हतं. नवऱ्यानं जे केलं तेच ती आता करत असावी असं त्याला वाटलं, आणि तसं नसावं अशीही भीती वाटली. त्यानं पुडी काढून तळहातावर धरली. 

प्रमिलाबाईनं चिंदी त्याच्या हातातून घेतली. "आर्धी मनी शे," ती म्हणाली. मग तिनं ती पदराच्या टोकात बांधली, गाठ ओढून पाहिली, आणि गाड्या सुटेपर्यंत बाहेर बघत बसली.